हायसिंथ: आधी थंडी, मग फूल

हायसिंथ या सुवासिक फुलझाडाचे कंद ऑक्टोबरात विकत घेतले जातात आणि त्यांच्याबद्दलच्या तक्रारी जानेवारीत येतात. तोवर हातात करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, म्हणून या वेळी उत्तरं हंगामाआधीच देत आहोत.

प्रश्न: गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी नर्सरीतून सहा कंद आणले आणि त्याच दिवशी कुंडीत लावले. पानं छान आली, पण फुलांचा गुच्छ कंदाच्या तोंडाशीच अडकला आणि तिथेच उमलला. दांडा वर आलाच नाही. खत कमी पडलं का? (वाचक, पुणे)

खताचा इथे काही संबंध नाही. तुम्ही कंद विकत घेतला तेव्हाच फूल त्याच्या आत तयार होतं. उन्हाळ्यात जमिनीतून काढलेले कंद उबदार गोदामात ठेवतात आणि त्या काळातच आत कळ्यांचा बारीक गुच्छ घडतो. कंद उभा चिरला तर मधोमध तो दिसतो. मात्र हा गुच्छ वर नेणारा दांडा लांबायला सलग थंडी लागते. हायसिंथ मूळचं तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यातलं. तिथला हिवाळा त्याच्या अंगवळणी पडलेला. थंडी अपुरी राहिली आणि ऊब मिळाली की कळ्या उमलतात, दांडा मात्र खुंटतो. तुमच्याकडे हेच झालं. पुण्यात पहाटे गारठा असला तरी दुपारी पारा तिशीजवळ जातो, त्यामुळे गॅलरीतल्या थंडीवर भागत नाही.

ही थंडी फ्रिजमध्ये द्यायची. कंद कागदी पिशवीत घाला, पिशवीला चार-पाच भोकं पाडा आणि वर तारीख लिहा. प्लास्टिकची पिशवी नको, आत ओल धरते. जागा खालच्या भाजीच्या कप्प्यात. तापमान ५ ते ९ अंश सेल्सिअस. फ्रीझरच्या जवळपास कंद ठेवूच नका. मुदत १२ आठवडे. 'प्रिपेअर्ड' म्हणजे विक्रीआधीच तापमानाची प्रक्रिया केलेले कंद असतील तर १० आठवडे पुरतात.

आता सगळ्यात जास्त कंद कशाने वाया जातात ते. त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं, पेअर, केळी, चिकू असतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. बाहेरून कंद टणक, तुकतुकीत दिसत राहतो. लावल्यावर पानंही येतात, पण मधोमध सुकलेला तपकिरी कोंब निघतो. ते तीन महिने फळं फ्रिजबाहेर ठेवा. तेवढं जमणार नसेल तर कंद आणूच नका, असं आम्ही स्पष्ट सांगू.

दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बघा. वरच्या पापुद्र्यावर निळसर बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा, तेवढ्याने कंद बिघडत नाही. तळाशी अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागला तर मात्र तो लगेच बाजूला काढा.

ऑक्टोबरच्या मध्याला आत गेलेले कंद जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर येतात. वीस सेंटिमीटरच्या कुंडीत तीन कंद, एकमेकांना न टेकता. दोन भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाडी वाळू. शेणखत घालू नका. कंदात वर्षाची शिदोरी आहे आणि ओलं खत फक्त कूज आणतं. कंदाचं टोक मातीच्या वर राहू द्या. एकदा पाणी देऊन कुंडी घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन आठवडे ठेवा, म्हणजे मुळ्या धरतील. कोंब ४ ते ५ सेंटिमीटरचा झाला की उजेडात आणा. कडक उन्हात नको. तरीही दांडा आखूड वाटला तर कागदाचा शंकू करून कोंबावर चार-पाच दिवस टोपीसारखा घाला. अंधारात दांडा ताणतो. पाणी नेहमी कुंडीच्या कडेने, पानांच्या बेचक्यात नाही.

नोव्हेंबर संपताना स्वस्तात मिळणारे कंद घेऊ नका. त्यांची थंडी पुरी होईतो फेब्रुवारीचा उत्तरार्ध येतो आणि फूल दोन दिवसांत मान टाकतं.

प्रश्न: काचेच्या खास बरणीत, पाण्यावर कंद ठेवला होता. दहा दिवसांत तळ बुळबुळीत झाला आणि घाण वास येऊ लागला. पाणी रोज बदलत होतो. (वाचक, ठाणे)

पाणी तळाला टेकत असणार. कंदाचा तळ आणि पाणी यांत ५ मिलिमीटर ते १ सेंटिमीटर मोकळी हवा हवी. मुळ्या ती फट ओलांडून आपणहून खाली उतरतात. त्या बोटभर लांब झाल्या की पातळी आणखी एक-दोन सेंटिमीटर खाली आणा.

वास म्हणजे जिवाणूंची मऊ कूज, तिच्यावर औषध नाही. कंद टाकून द्या आणि बरणी उकळत्या नव्हे, पण चांगल्या गरम पाण्याने साबण लावून धुवा. पुढच्या वेळी बरणीत लाकडी कोळशाचा एक तुकडा टाका आणि पाणी आठवड्यातून एकदाच बदला. बदलताना कंद उचलू नका. त्याला हाताने धरून बरणी तिरकी करा. हायसिंथच्या मुळ्या ठिसूळ असतात आणि तुटलेली मुळी पुन्हा फुटत नाही.

बरणीसाठी कंदही मोठा हवा. हे कंद घेरावर विकले जातात: बागेला १५-१६ सेंटिमीटर घेर चालतो, बरणीला १७-१८ किंवा जास्त. आणि बरणीतही थंडी चुकत नाही, आधी फ्रिजचे आठवडे पुरे करावे लागतातच.

प्रश्न: नागपुरात हायसिंथ होईल का? नाही तर तसाच सुवास देणारं दुसरं काय लावावं? (वाचक, नागपूर)

फ्रिजच्या आधाराने एकदा फुलेल. पुढच्या वर्षी त्याच कंदाची आशा धरू नका. फुलल्यानंतर पानांना लांब, गार वसंत लागतो आणि तो आपल्याकडे नाही. पुढे पावसाळ्यात कंद कुजतो.

निशिगंध लावा. उष्णता त्याला मानवते आणि सुवासात तो कुठेच कमी नाही. मार्च ते मे या काळात २ ते ३ सेंटिमीटर व्यासाचे कंद ५ ते ६ सेंटिमीटर खोल लावा. तीस सेंटिमीटरच्या कुंडीत तीन. सहा तास थेट ऊन द्या. इथे मात्र कुजलेलं शेणखत सढळ हाताने घाला. फुलदांडा यायला तीन ते चार महिने लागतात. कुंडीसाठी एकेरी जातींत 'प्रज्वल' किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' मागून घ्या. दुहेरी फूल दिसायला भरगच्च असतं, पण वास एकेरीचाच अधिक. दोन-तीन वर्षांनी कंदांची गर्दी झाली की काढून वेगळे करा, नाहीतर फुलं कमी होत जातात.

प्रश्न: लंडनला मुलीकडे नाताळात हायसिंथची कुंडी भेट आली. फुलं संपली. टाकून द्यायची का? (वाचक, सध्या लंडन)

मुळीच नाही, तिथे त्याला घरचं हवामान आहे. सुकलेली फुलं काढा, पण पानं ठेवा आणि ती पिवळी पडेपर्यंत पाणी देत राहा. पुढच्या वर्षाचं फूल त्या पानांवर पोसलं जातं. मग कंद अंगणात निचऱ्याच्या, उन्हाच्या जागी १० ते १५ सेंटिमीटर खोल लावा. पुढच्या वसंतात, मार्च-एप्रिलला, तो फुलेल. गुच्छ विरळ असेल आणि रानातल्या फुलासारखा दिसेल. आम्हाला तो जास्त आवडतो. त्याच कंदाला पुन्हा नाताळात फुलवायचा प्रयत्न मात्र करू नका, बागेतच राहू द्या.

प्रश्न: कंद हाताळले की बोटांना खाज सुटते. ॲलर्जी असेल का? (वाचक, डोंबिवली)

बहुधा नाही. कंदाच्या पापुद्र्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते कातडीत टोचतात. अळू चिरताना खाजतं तेही याच स्फटिकांनी. रबरी हातमोजे घाला, पापुद्रा हाताने चोळून काढू नका आणि डोळ्यांना हात लावण्याआधी साबणाने धुवा. कंद पोटात गेला तर विषारी आहे. फ्रिजमधल्या पिशवीवर तारखेसोबत 'खाण्याचा कांदा नाही' असंही ठळक लिहा. दिसायला तो थेट कांद्यासारखाच असतो. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या पंज्याबाहेर, उंचावर ठेवा.