बाहेरच्या भिंतीला वीट की दगड? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: आमचं घर दोन मजली, सांगाडा आरसीसीचा, बाहेरून गिलावा आणि रंग. रंग सारखा उडतो म्हणून दर्शनी भिंतींना क्लॅडिंग (बाहेरून वीट किंवा दगडाचं आवरण) करायचं ठरवलं आहे. घरात दोन पक्ष पडलेत, एक विटेचा आणि एक दगडाचा. जास्त टिकेल काय?

उत्तर: टिकण्यावरून भांडू नका. नीट भाजलेली वीट आणि घट्ट दगड, दोन्ही घराच्या सांगाड्याइतके जगतात. दगा देतो तो त्यांना धरून ठेवणारा थर. म्हणून आधी वजन पाहा.

अख्ख्या विटांची १० सेंमी जाडीची भिंत दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरते. ती गिलाव्याला चिकटवता येत नाही. तिला खाली पायाचा किंवा जोत्याच्या तुळईचा आधार लागतो आणि बांधून झालेल्या घरात तो सहसा सोडलेला नसतो. नवं घर बांधणाऱ्यांनी मात्र या पद्धतीचा जरूर विचार करावा. मागच्या भिंतीपासून ४० ते ५० मिमी पोकळी सोडायची, दोन्ही भिंती स्टेनलेस स्टीलच्या टायनी (दोन भिंतींना बांधणाऱ्या पट्ट्या किंवा तारा) जोडायच्या (आडवं अंतर ९० सेंमी, उभं ४५) आणि तळाच्या थरात दर ६० सेंमीला एक उभी दर्ज (दोन विटांमधली फट) न भरता उघडी ठेवायची. पाऊस विटेतून आत आला तरी पोकळीत उतरून त्या दर्जांतून बाहेर पडतो. पोकळीत मसाला पडून साचला तर मात्र ही सगळी मेहनत वाया जाते, कारण त्या मसाल्यावरूनच ओल मागच्या भिंतीपर्यंत पोचते.

तुमच्याकडे खरी निवड आहे ती विटेची पातळ टाइल आणि पातळ दगड यांत. २० मिमी विटेची टाइल मसाल्यासकट दर चौरस मीटरला ४० ते ४५ किलो भरते, २० मिमी ग्रॅनाइट ६० च्या आसपास. ३० ते ५० मिमी जाडीचा खडबडीत दगड घेतलात तर नुसता दगडच ८० ते १३० किलो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकेका तुकड्याचं वजन. विटेची टाइल अर्ध्या किलोची असते, तर ६० बाय ६० सेंमीची ग्रॅनाइटची फरशी १९ किलोची. वरच्या मजल्यावरून यातलं काय सुटलेलं परवडेल, ते तुम्हीच ठरवा. जमिनीपासून ३ मीटरच्या वर मोठी फरशी नुसत्या चिकटमसाल्यावर सोडू नये. खालच्या कडेला वजन पेलणारे दोन आणि वरच्या कडेला वाऱ्याचा ओढा सोसणारे दोन असे स्टेनलेस स्टीलचे अँकर (फरशी भिंतीला धरून ठेवणारे आकडे) हवेत. ३०४ प्रतीचं स्टील चालतं, समुद्राजवळ ३१६. ते भिंतीच्या काँक्रीटमध्ये किंवा भरीव विटेत बसायला हवेत, पोकळ ब्लॉकमध्ये साधा फास्टनर धरत नाही.

पूर्ण दर्शनी भाग झाकायचा असेल तर आमचा कौल विटेच्या टाइलला. दगड हवाच असेल तर तो खाली ठेवा, वर नेऊ नका.

प्रश्न: दगड निवडताना घरच्या घरी काय तपासता येईल? आम्हाला पांढरा संगमरवर फार आवडतो.

उत्तर: संगमरवर आत लावा. बाहेर पातळ संगमरवर ऊन आणि ओल सोसता सोसता वाकडा होतो. शिकागोतली अमोको इमारत १९७३ मध्ये इटलीतल्या कॅरारा संगमरवराच्या पातळ फरशांनी मढवली होती. फरशा वाकून तडकू लागल्या आणि १९९०-९२ च्या सुमारास सगळ्या काढून ग्रॅनाइट लावावा लागला.

तपासणी सोपी आहे. दगडाचा तुकडा पूर्ण वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पृष्ठभाग पुसून पुन्हा वजन करा. ग्रॅनाइटचं वजन अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी वाढतं, वालुकाश्माचं काही टक्के. हीच परीक्षा विटेलाही लावा. दर्शनी कामाला १५ टक्क्यांच्या आत पाणी पिणारी वीट घ्यावी, आणि दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यावा. मग दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो चुनखडीच्या जातीचा. असा दगड लावलात तर भिंत धुताना अ‍ॅसिड कायमचं वर्ज्य. वालुकाश्मात थर दिसतात का पाहा. थर भिंतीच्या तोंडाला समांतर उभे बसवले तर पापुद्रे सुटतात. जाड घडीव दगड म्हणूनच खाणीत जसा आडवा पडलेला होता तसाच बसवतात. तपकिरी ठिपके असलेला दगड काही दिवस ओला ठेवून पाहा, आतलं लोह गंजून ओघळ उतरत असतील तर नको म्हणा.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी लावलेल्या दगडी क्लॅडिंगचे खिडकीवरचे तुकडे सुटले. वाजवून पाहिलं तर आणखीही ठिकाणी पोकळ आवाज येतो. गवंडी म्हणतो, सिमेंट कमी पडलं.

उत्तर: पडलेला तुकडा उलटा करून पाहा, कारण तिथेच दिसेल. पाठीवर मसाला आहे आणि मसाल्याला रंगाचा पापुद्रा चिकटलेला आहे, तर जुना रंग न काढता काम झालं. रंग जितका धरून होता तितकाच दगड धरणार. पाठ स्वच्छ आहे आणि बोट फिरवल्यावर भुकटी लागते, तर कापताना बसलेली दगडाची पूड धुतलीच नव्हती. पाठीवर चार-पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे आणि मधे मोकळं, तर पाणी त्या पोकळीत शिरून साचत होतं. सिमेंट कमी पडल्याचं निदान बहुधा चुकीचं. सिमेंट जास्त घातलेला मसाला जास्त आकसतो आणि लवकर सुटतो.

खिडकीवरूनच सुरुवात झाली, यात नवल नाही. छज्ज्याच्या किंवा वरच्या कडेच्या सांध्यातून पाणी मागे उतरत असणार.

दुरुस्तीत आधी सगळी भिंत लाकडी हातोडीने वाजवून पोकळ तुकड्यांवर खडूने खुणा करा आणि ते उतरवा. रंग पूर्ण खरवडा. गिलावा वाजवून पाहा, तोच सुटा असेल तर काढून नवा करा आणि त्याला २८ दिवस द्या. गिलावा घट्ट असेल तर छन्नीने टोचे मारा, धूळ झाडून धुवा. दगडाची पाठ ब्रशने घासून धुवून वाळवा. मसाला पॉलिमर मिसळलेला, बाहेरच्या कामासाठीचा आणि त्या वजनासाठीचा घ्यावा. भिंतीवर १० मिमी दाती थापीने एकाच दिशेने ओढा, दगडाच्या पाठीवरही पातळ थर द्या, आणि दगड दाताच्या रेषांना काटकोनात थोडा सरकवत दाबा. पहिले दोन-तीन दगड लगेच काढून पाठ बघा: कोपऱ्यांसकट सगळी भरलेली दिसली पाहिजे. भिंतीवरच्या मसाल्याला साय आली असेल तर त्यावर दगड लावायचा नाही, खरवडून नवा ओढायचा. काम खालून वर, पहिला थर पाणसळ लावून तात्पुरत्या सरळ पट्टीवर टेकवायचा. तळपत्या उन्हातल्या भिंतीवर लावू नका. दगड फिक्या रंगाचा असेल तर पांढऱ्या सिमेंटचा मसाला वापरा, करड्याचा डाग पुढे उमटतो.

प्रश्न: विटेच्या नव्या भिंतीला पांढरा लोणा आलाय. वरून सीलर (पाणी अडवणारा लेप) मारला तर थांबेल का?

उत्तर: आत्ता मारलात तर बिघडेल. माती, वाळू, सिमेंट, पाणी यांतले क्षार ओलीबरोबर बाहेर येतात आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर उरतात. वरून फिल्म धरणारा सीलर बसला की ते आतच स्फटिक होतात आणि विटेचं तोंडच पापुद्र्यासारखं उडतं. कोरड्या दिवशी कडक नायलॉन ब्रशने झाडा आणि पडलेली भुकटी उचलून टाका. धुवू नका, क्षार पुन्हा आत जातात. तारेचा ब्रश नको, त्याचे कण गंजतात. नव्या भिंतीचा लोणा बहुधा काही ऋतूंत आपोआप कमी होतो. तोच पट्टा पुन्हापुन्हा पांढरा होत असेल तर वरची गळती शोधा: कठड्याचं झाकण, खिडकीची पाटी, भिंतीतला नळ. जमिनीलगत मीटरभर उंचीपर्यंत असेल तर ओल खालून चढते आहे. भिंतीला टेकलेली बागेची माती आधी काढा. सीलर मारायचाच असेल तर भिंत पूर्ण वाळल्यावर, श्वास घेऊ देणारा सिलेन-सिलॉक्सेनचा.

प्रश्न: विटेच्या टाइल किती लागतील?

उत्तर: लांबीत आणि उंचीत १० मिमी दर्ज मिळवून गुणाकार करा आणि एका चौरस मीटरला त्याने भागा. १९० बाय ९० मिमी तोंडाच्या ५० लागतात, २१५ बाय ६५ च्या ६०. दारं-खिडक्या वजा करून ५ ते १० टक्के तूट धरा. ओबडधोबड दगडाला १५ टक्के. कोपऱ्याचे एल आकाराचे तुकडे वेगळे मोजा, ऐन वेळी तेच कमी पडतात. सगळी खोकी आधी उघडून मिसळा, नाहीतर प्रत्येक खोक्याचा रंग भिंतीवर वेगळा पट्टा होऊन दिसतो.

प्रश्न: खाली दगड आणि वर वीट असं केलं तर चालेल का?

उत्तर: चालेल, आणि दिसेलही चांगलं. जोत्याला उडणारं पाणी, चिखल, सायकलींचे धक्के दगड सोसतो. जमिनीपासून ६० ते ९० सेंमी पुरे. दगड विटेपेक्षा जाड असल्याने वर जो कट्टा तयार होतो, घोटाळा तिथेच होतो. त्यावर बाहेर उताराची दगडी पाटी बसवा, खालच्या दगडाच्या तोंडापासून ४० मिमी पुढे काढा आणि तिच्या खालच्या बाजूला १० मिमी खाच घ्या, म्हणजे थेंब तिथेच तुटून पडतो. पाटी आणि विटेचा पहिला थर यांच्यामधली दर्ज मसाल्याने भरू नका. मागे फोमची दोरी दाबून सीलंट (लवचिक राहणारं भरण) भरा. विटांची भिंत लांब असेल तर दर ८ ते १० मीटरला अशीच १० ते १२ मिमीची उभी फट सोडा, कारण भट्टीतून निघालेली वीट ओल शोषत वर्षानुवर्षं किंचित फुगत राहते आणि मागचं काँक्रीट आकसत असतं. दगडाला टेकणारं सीलंट डाग न पाडणारं घ्या, साध्या सिलिकोनचं तेल सच्छिद्र दगडात झिरपून कडेला काळी रेघ उमटवतं.