युस्ताचा जन्म केव्हा झाला?

प्रिय मुली,

रोमन नागरिकत्वावरचा तुझा निबंध दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मेहनत दिसते. रोमचा पहिला लेखी कायदा म्हणजे बारा पाट्यांचा कायदा, प्लेबियनांचा म्हणजे सामान्य नागरिकांचा हक्कांसाठीचा झगडा, इ.स. २१२ मधला कॅराकल्ला बादशहाचा हुकूम, सगळं क्रमानं आलंय. पण पानामागून पान उलटलं तरी मला त्यात एकही माणूस भेटला नाही. ‘रोमन नागरिकाला मताचा, वैध लग्नाचा, करार करण्याचा आणि अपिलाचा हक्क होता’ असं एक वाक्य लिहून तू पुढे निघून गेलीस. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडलो. समोर उभा असलेला माणूस नागरिक आहे, हे कुणाला कसं कळायचं?

हा प्रश्न मला का छळतो ते सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. वडिलांच्या जमिनीत हिस्सा हवा होता. भाऊ म्हणत होते, ही आमची बहीणच नव्हे. जन्माची नोंद नव्हती. शाळेत कधी घातलं नव्हतं, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखलाही नाही. कायदा पूर्णपणे त्यांच्या बाजूनं होता आणि हातात कागद एकही नव्हता. अखेर गावच्या म्हाताऱ्या सुईणीला पिंजऱ्यात उभं केलं. तिला साल सांगता येईना. ‘पाटलाच्या विहिरीला पाणी लागलं त्याच पावसाळ्यात ही झाली, नाळ मीच कापली,’ एवढंच ती म्हणाली, आणि उलटतपासणीत त्यावरून तसूभर हलली नाही. दावा आम्ही जिंकलो. ती म्हातारी आदल्या वर्षी गेली असती, तर तोच कायदा आणि तीच बाई असूनही आम्ही हरलो असतो.

आता हर्क्युलेनियमला चल. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात पाँपेईबरोबर गाडलं गेलेलं हे छोटं गाव. तिथल्या एका घरात लाकडी पाट्या सापडल्या. अशा पाटीवर मेणाचा थर द्यायचे आणि टोकदार लेखणीनं त्यावर कोरायचे. उष्णतेनं मेण वितळून गेलं, लाकडाचा कोळसा झाला. पण कोरताना लेखणीचं टोक खालच्या लाकडाला घासलं होतं, ते ओरखडे राहिले. त्या ओरखड्यांवरून अभ्यासकांनी एका मुलीचा खटला वाचून काढला. तिचं नाव पेट्रोनिया युस्ता.

युस्ताची आई विटालिस ही गायस पेट्रोनियस स्टेफानस आणि त्याची बायको कालातोरिया थेमिस यांच्या घरची गुलाम. पुढे ती मुक्त झाली. युस्ता त्याच घरात वाढली. मग आईनं मुलीला परत मागितलं, तेव्हा धनी तिच्या पालनपोषणाचा खर्च मागू लागले. तेही मिटलं. पण पुढे विटालिस वारली, स्टेफानसही वारला, आणि कालातोरिया म्हणू लागली की युस्ता ही मी मुक्त केलेली दासी आहे. युस्ताचं म्हणणं, मी जन्मतःच स्वतंत्र.

सगळा वाद एका तारखेवर आला: युस्ता जन्मली ती आई मुक्त होण्याआधी की नंतर? आईचा दर्जा जन्माच्या क्षणी जो असेल तोच मुलीचा. आधी जन्मली असेल तर ती गुलाम म्हणून जन्मली, मागाहून मुक्त झाली, आणि मालकिणीचा तिच्यावर आणि तिच्या मालमत्तेवर हक्क राहिला. नंतर जन्मली असेल तर तिच्यावर कुणाचाही हक्क नाही. मधे फरक असेल तो काही महिन्यांचा, फार तर एखाद्या वर्षाचा.

तू विचारशील, जन्माची नोंद नव्हती का? रोममध्ये नोंदवही होती. पहिला बादशहा ऑगस्टस याच्या काळापासून नागरिकांच्या मुलांचा जन्म तीस दिवसांत नोंदवायचा असे. पण ती वही वैध लग्नातून जन्मलेल्या मुलांसाठी होती. युस्ताला बाप नव्हता, म्हणजे कायद्याच्या लेखी नव्हता. तिच्या नावात बापाचं नाव येतं तिथं ‘स्पुरियसची मुलगी’ असं लिहिलं आहे. बेनाम बापाच्या मुलांसाठी वापरायची ती ठरीव पद्धत. तेव्हा जिला नोंदीची सगळ्यात जास्त गरज होती तिच्यासाठी वहीत रकानाच नव्हता. हे वाक्य तुझ्या निबंधात यायला हवं होतं.

मग उरली तोंडी साक्ष. दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली आणि त्यांच्या जबान्या पाट्यांवर उतरल्या. काहींना लिहिता येत नव्हतं, त्यांच्यासाठी दुसऱ्यानं लिहिलं. हे प्रकरण गावात मिटेना, म्हणून इ.स. ७५ च्या सुमाराला दोन्ही पक्षांनी रोममध्ये, ऑगस्टसच्या फोरममध्ये, म्हणजे त्यानं बांधलेल्या सार्वजनिक चौकात, हजर राहण्याचं कबूल केलं. तिथून रोम दोनशे किलोमीटरहून लांब. एका तारखेसाठी एवढा प्रवास!

या जबान्यांतली पेट्रोनियस तेलेस्फोरसची मात्र सावकाश वाच. हा त्याच घरातला मुक्त झालेला गुलाम. शिवाय कालातोरियाचा कायदेशीर पालकही तोच, कारण रोमन बाईला बऱ्याच व्यवहारांत पुरुष पालकाची संमती लागायची. म्हणजे ज्या बाईच्या कागदांवर संमती द्यायची, तिच्याचविरुद्ध तो साक्षीला उभा राहिला. शपथेवर सांगतो की युस्ता आई मुक्त झाल्यानंतर जन्मली, आणि मुलीला आईकडे परत देण्याची बोलणी मीच केली होती, म्हणून मला माहीत आहे. माझ्या सुईणीची विहीर आणि तेलेस्फोरसची ही बोलणी मला एकाच जातीची वाटतात. खऱ्या साक्षीदाराला तारीख आठवत नाही, त्या दिवशी आपण काय करत होतो ते आठवतं.

याच्या शेजारी सैनिकाचा कागद ठेवून बघ. कागद कसला, ब्राँझचे दोन पत्रे तारेनं एकत्र बांधलेले. नागरिक नसलेले लोक रोमच्या साहाय्यक पलटणींत भरती व्हायचे आणि २५ वर्षं नोकरी झाली की नागरिकत्व मिळवायचे. मूळ आज्ञा रोममध्ये लावलेली असे, तिची नक्कल या पत्र्यांवर. मजकूर दोनदा कोरायचे: आत मोहोरबंद, बाहेर वाचता येईल असा. सात साक्षीदारांच्या मोहोरा. कुणी बाहेरचा मजकूर खरवडला तर आतला फोडून ताडून बघा! काय बारकाईनं विचार केलाय. आणि याच पत्र्यांवरचा मजकूर इ.स. १४० च्या सुमाराला बदलतो. तोपर्यंत सैनिकाच्या आधी जन्मलेल्या मुलांनाही नागरिकत्व मिळत होतं, ते साहाय्यक पलटणींसाठी बंद झालं. बायकोला तर ते कधीच मिळत नव्हतं; मिळायचा तो सैनिकाला, तिच्याशी वैध लग्न करण्याचा हक्क. सरकार कुणाला आत घेतं आणि कुणाला उंबऱ्यावर ठेवतं, हे ठोकळेबाज मजकुरातल्या एका गाळलेल्या शब्दावरून कळतं. म्हणून म्हणतो, अशा कागदांचा कंटाळा करू नकोस.

गाव्हियसचं उदाहरण तू एका ओळीत दिलंस. ते वाढव. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस यानं मेसाना शहराच्या चौकात पब्लियस गाव्हियसला फटके मारवले. प्रत्येक फटक्याला तो एकच सांगत होता, ‘मी रोमन नागरिक आहे.’ नागरिकाला असे फटके मारायला कायद्याची बंदी होती. तरी त्याला क्रुसावर चढवलं, आणि तेही इटलीचा किनारा दिसेल अशा जागी. हे आपल्याला सिसेरो या रोमन वकील-वक्त्याकडून कळतं. तो इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेसविरुद्ध खटला चालवत होता, तेव्हा फिर्यादीच्या वकिलाची बाजू म्हणूनच वाच. हा भाग त्यानं कोर्टात बोलूनही दाखवलेला नाही. व्हेरेस आधीच परागंदा झाला, मग सिसेरोनं तो लिहून प्रसिद्ध केला. तरी त्यातला एक युक्तिवाद मला अजून हलवतो: हा माणूस खरं बोलतो की खोटं, याची चौकशी तरी करायची होती, तोवर थांबायचं होतं.

सुमारे सव्वाशे वर्षांनी जेरुसलेममध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाला फटक्यांसाठी बांधलं, तेव्हा त्यानं तेच सांगितलं आणि तिथला अधिकारी थांबला. वर म्हणाला, मी हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून मिळवलंय. पौल म्हणाला, मी तर जन्मतःच नागरिक. त्या अधिकाऱ्याचं नाव क्लाउडियस लिसियास. नवा नागरिक ज्याच्या कृपेनं आत आला त्याचं नाव लावायचा, तेव्हा क्लाउडियस बादशहाच्या काळातला व्यवहार दिसतो. मेसानात कायदा होताच. जेरुसलेममध्ये त्याला घाबरणारा अधिकारीही होता.

२१२ च्या हुकुमावर तू दोन पानं खर्च केलीस, ती निम्मी कर. साम्राज्यातले जवळजवळ सगळे स्वतंत्र लोक नागरिक झाले, हे खरं. डिओ कॅसियस हा त्या काळचा इतिहासकार म्हणतो की हेतू कराचा होता, कारण वारसाकर फक्त नागरिकांवर होता आणि तोही कॅराकल्लानं पाच टक्क्यांवरून दहा टक्के केला. एवढं पुरे. त्याऐवजी हे लिही की त्याच्या आधीपासूनच कोर्टात प्रतिष्ठित आणि सामान्य अशी वेगळी विभागणी रुजली होती. एकाच गुन्ह्यासाठी वरच्याला हद्दपारी, खालच्याला खाणीतली सक्तमजुरी किंवा श्वापदांपुढे टाकणं. सगळे नागरिक झाले तोवर नुसतं नागरिक असणं पाठ वाचवायला पुरेनासं झालं होतं.

तेव्हा खर्डा पुन्हा लिही, आणि कलमांपासून सुरुवात करू नकोस. तेलेस्फोरस पाटीसमोर शपथ घेतोय, तिथून कर. कालातोरियाच्या साक्षीदारांनाही खोटं ठरवू नकोस. त्यांनीही शपथ घेतली होती. शेवटी निकाल काय लागला ते तुला लिहिता येणार नाही, कारण निकालाची पाटी सापडलेली नाही. उद्रेक झाला तेव्हा खटल्याला तीन-चार वर्षं उलटली होती आणि हे कागद त्या घरात अजून कुणीतरी जपून ठेवले होते.

खर्डा दिवाळीच्या आत पाठव. मी पेन्सिल काढून ठेवतो.

तुझा,
काका