बोलिंजर शँपेनची चव इतरांपेक्षा भारदस्त का लागते?
मुख्य कारण लाकडी पिंपं. आज बहुतेक शँपेनवाले पहिलं आंबवणं स्टीलच्या टाक्यांत उरकतात. १८२९ पासूनचं हे घराणं, अजूनही कुटुंबाच्याच मालकीचं, विंटेज वाइन, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, ओकच्या पिंपांत आंबवतं. पिंपं मुद्दाम जुनी घेतात: लाकडाचा वास उतरत नाही, पण वाइनला किंचित हवा मिळते आणि चवीला खोली येते.

शिवाय ‘स्पेशल क्यूवे’ या त्यांच्या नेहमीच्या शँपेनमध्ये साधारण ६० टक्के पिनो न्वार, म्हणजे काळी द्राक्षं. राखीव वाइनचा, म्हणजे मिश्रणासाठी जपलेल्या आधीच्या वर्षांच्या वाइनचा, काही भाग तर दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत, बूच लावून वर्षानुवर्षं ठेवतात. खर्चिक हौस, पण फरक कळतो. हलकी, फुलांच्या वासाची शँपेन आवडत असेल, तर मात्र ही जड वाटेल. आणि बर्फगार करू नका, चव दबते.