वाचकांचे प्रश्न : पाय उचलायचा कधी?

प्रश्न : व्हायब्राफोनवादक बॉबी हचरसन यांच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगशील जॅझमध्ये व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठीने ठोके मारून वाजवायचं वाद्य) किती तुटक, मोकळा ऐकू येतो! मी तसं वाजवू गेलो की सगळे सूर एकमेकांत कालवले जातात.

उत्तर : हात तपासण्याआधी पाय तपासा. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असल्याने पेडल (सूर मिटवणारी गादी पट्ट्यांपासून दूर करणारा पायदांडा) दाबलेलं राहिलं तर सूर कित्येक सेकंद रेंगाळतो. सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन यांची ‘वन स्टेप बियॉन्ड’ (१९६३) आणि सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी यांची ‘आउट टु लंच’ (१९६४) या दोन्ही रेकॉर्डमध्ये हचरसन आहेत, पियानो नाही. त्यामुळे स्वरसंगतीचं (एकाच वेळी अनेक सूर वाजवण्याचं) काम हचरसन यांच्याकडे आलं, पण ती जागा त्यांनी गच्च भरली नाही. चार मॅलेट (वाजवायच्या काठ्या), एक ठोका, आणि मग गप्प.

सराव असा करा : प्रत्येक स्वरसंगतीनंतर अर्ध्या मात्रेत पाय उचला. ते जमलं की पेडल दाबून ठेवा आणि नको तो एकच सूर मॅलेटने मिटवा. त्यासाठी मॅलेटचं डोकं पट्टीवर ठोकायचं नाही, टेकवायचं. सूत गुंडाळलेले मध्यम मॅलेट घ्या. कडक मॅलेट टेकवताना टकटक करतात.

पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडावरच्या चकत्या फिरवणारी मोटर बंद ठेवत असाल तर त्या हाताने फिरवून उभ्या करा. आडव्या थांबल्या की नळ्या झाकल्या जातात आणि आवाज पातळ होतो. नळ्यांच्या दोन्ही ओळी पाहा, बहुतेक जण एकच पाहतात.

प्रश्न : व्हायब्राफोनच्या पट्टीवर बो (गज) ओढला की नुसती खरखर येते. सूर खाली वाकवताही येत नाही.

उत्तर : चेलोचा किंवा डबल बासचा बो घ्या, रोझिन (राळ) भरपूर लावा. पेडल दाबून पट्टीच्या टोकाच्या कडेवर बो काटकोनात, सावकाश ओढा. घाई केली की खरखर. कडेला बोटांचं तेल लागलं असेल तर बो घसरतो, म्हणून आधी कोरड्या कापडाने पुसा. सूर उशिरा उमटतो, तेव्हा मात्रेच्या थोडं आधी सुरुवात करा. काळ्या सुरांच्या पट्ट्यांना पलीकडच्या टोकानेच बो लावा.

सूर वाकवायला सूत नसलेला कडक रबरी मॅलेट लागतो. पट्टीतून दोरी जाते तिथे, म्हणजे टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर, तो दाबून धरा. दुसऱ्या हाताने पट्टीच्या मधे ठोका मारा आणि दाब न सोडता मॅलेट मधल्या दिशेने सरकवा. सूर उतरतो, फार तर अर्ध्या स्वराइतका. चढत मात्र कधीच नाही. पितळी मॅलेट वापरू नका, चरे पडतात.

प्रश्न : स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढताना हचरसन यांनी प्रयोग सोडले का?

उत्तर : नाही. ‘डायलॉग’मध्ये (१९६५) पियानो परत आला, पण तो पियानोवादक अँड्र्यू हिल यांचा, आणि एकही रचना हचरसन यांची नाही. त्याच वर्षीच्या ‘कंपोनंट्स’मध्ये एक बाजू त्यांच्या सुरेल रचनांची, दुसरी ड्रमवादक जो चेंबर्स यांच्या धाडसी रचनांची. आधी दुसरी बाजू ऐका, नुसत्या पायाकडे कान लावून.