वाचकांचे प्रश्न : कल्पित राज्याची लिपी खोटी का वाटते?

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे, सिडकोत राहते. दोन वर्षांपासून एका वहीत माझं स्वतःचं जग रचतेय. नकाशा आहे, चार राजघराणी आहेत, खाडीत बुडालेल्या शहराची दंतकथा आहे. लिपीही केली : आपल्या प्रत्येक मुळाक्षराला एक नवी खूण. पण लिहिलेलं पान पाहिलं की ते खोटं वाटतं. माझं काय चुकतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तू पाठवलेला पानाचा फोटो मी भिंग लावून पाहिला. खुणा देखण्या आहेत, त्यातली ‘ळ’ची खूण तर मला फार आवडली. पण त्या कोणी, कशानं आणि कशावर लिहिल्या हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. खोट तिथं आहे.

मी तीस वर्षं मोडी कागद वाचतोय. मोडी लिहिणारा कारकून आधी पानावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचा. शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचा नाही. अक्षराला आलेला तो बाक घाईतून आला आहे. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं कोरताना आडवी सरळ रेघ मारली तर पान चिरतं, म्हणून तिकडच्या अक्षरांना गोलाई आली. उत्तर युरोपातल्या जुन्या रून खुणा लाकडावर कोरल्या जात. त्यांत उभ्या आणि तिरक्या रेघाच दिसतात, कारण लाकडाच्या रेषांत आडवी रेघ हरवते.

आता तुझं बुडालेलं शहर घे. तिथले लोक मासेमार आहेत असं तू लिहिलं आहेस. मग ते शिंपल्याच्या कडेनं ओल्या मातीवर लिहीत असतील का? तसं असेल तर प्रत्येक खूण आखूड आणि किंचित वाकडी होईल, लांब रेघ निघणारच नाही. उद्या परातीत थोडी मळलेली माती घे आणि खरंच शिंपल्यानं लिहून बघ. तुझ्या निम्म्या खुणा आपोआप बदलतील.

दुसरी गोष्ट. एका अक्षराला एक नवी खूण दिली की आपली देवनागरी, म्हणजे बालबोधच, नव्या कपड्यांत उभी राहते, कारण स्वरमाला, जोडाक्षरं, वेलांट्या सगळं आपलंच राहतं. इंग्रज कादंबरीकार टॉल्किननं काय केलं ते बघ. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात त्यानं तेंग्वार लिपी समजावली आहे. तिच्या मुख्य अक्षरांना एक दांडी आणि एक कमान असते. ‘त’ची कमान दुहेरी केली की ‘द’ होतो, ‘प’ची केली की ‘ब’. म्हणजे आवाजातलं नातं आकारात दिसतं. आपली वर्णमाला आवाज वर्गांत नेमके लावते, पण ‘त’ आणि ‘द’ यांच्या आकारात ते नातं दिसत नाही. कोरियाच्या राजा सेजोंगनं १४४६ साली जाहीर केलेल्या लिपीत मात्र ते दिसतं. आणि टॉल्किन तिथंच थांबत नाही. ही लिपी त्याच्या कथेतल्या एल्फ जमातीच्या फेआनोरनं रचली, पण त्याच्याआधी रूमिल नावाच्या एल्फची जुनी लिपी होती, असं तो सांगतो. लिपीलाही वाडवडील असतात! कथेतल्या जादूच्या अंगठीवरचा लेख तर एल्फांच्या अक्षरांत आहे आणि भाषा त्यांच्या शत्रूच्या देशाची, मॉर्डोरची. लिपी एकाची, भाषा दुसऱ्याची, हे आपल्याकडेही शतकानुशतकं होत आलं आहे. तुझ्या चार घराण्यांपैकी कोणी कोणाची लिपी उचलली, हे ठरव.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, नाशिकरोडला राहतो. नातवासाठी एका काल्पनिक राज्याच्या गोष्टी रचतो. त्या राज्याचा इतिहास खरा वाटावा म्हणून काय करावं?

उत्तर : सर, आपण नातवाला घेऊन पांडवलेण्यांवर जावं. सकाळी लवकर जा, पायऱ्या चढताना ऊन लागणार नाही.

तिथं तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षातला. आई आपल्या गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करते आणि त्यानं क्षहरातांचा, म्हणजे शत्रू असलेल्या शक राजघराण्याचा, वंश निःशेष केला असं सांगते. त्याच डोंगरात १० क्रमांकाचं लेणं आहे ते क्षहरात राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. एकाच डोंगरावर हरलेल्याचं दान आणि जिंकणाऱ्याच्या आईचं बोलणं! मी पहिल्यांदा दोन्ही लेख एका दिवसात वाचले तेव्हा खाली उतरून बराच वेळ नुसता बसून होतो.

उषवदाताच्या एका लेखात तर व्याजाचा दर आहे. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्यानं ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले : २००० दरमहा शेकडा एक दरानं, १००० शेकडा पाऊण दरानं. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. आपण हिशेब करून बघा, वर्षाचे २४० बरोबर जुळतात. आपल्या राज्यातही एखादा असा हिशेब कोरून ठेवा. लढाया सगळेच रचतात, पण भिक्षूंच्या कापडाचा खर्च कोणी लिहिला की ते राज्य माणसांचं वाटू लागतं.

नाणीही पाहावीत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. खालची जुनी अक्षरं काही ठिकाणी अजून दिसतात.

आणि या लेण्यांना पांडवांचं नाव का? लेणी बौद्धांची, लेख ब्राह्मीतले. ब्राह्मी वाचणारं कोणी उरलं नाही, तेव्हा लोकांनी त्या अवाढव्य खोल्यांसाठी तेवढेच मोठे मालक शोधले. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं १८३७च्या सुमारास ब्राह्मी उलगडली तेव्हा भिंती पुन्हा बोलू लागल्या, नाव मात्र पांडवांचंच राहिलं. नातवाच्या राज्यात असा एक तरी लेख ठेवा, जो तिथल्या लोकांना वाचता येत नाही आणि ज्याचा अर्थ ते गोष्टीत सांगतात.

प्रश्न : लिपी कुठून आली याचीही दंतकथा असावी का?

उत्तर : जरूर असावी. मोडी हेमाडपंतानं लंकेहून आणली असं आपल्याकडे सांगतात. हेमाडपंत म्हणजे तेराव्या शतकातल्या यादवांचा करणाधिप हेमाद्री. साऱ्या दप्तराचा कारभार ज्याच्या हाती, त्याच्याच नावावर लोकांनी लिपी लावली. अकरावीतल्या मुली, तुझ्या जगातही लिपी देवानं न देता एखाद्या हिशेबनिसानं आणली असेल का, याचा विचार कर. आणि मातीवर लिहिलेलं पान वाळलं की मला त्याचा फोटो पाठव.