भाचेकंपनी आणि दोन दिवस

प्रश्न : काकू, यंदा भाऊबीजेला वन्सं पुण्याहून येणार आहेत. त्यांची दोन, आमची दोन, अशी चार पोरं. थोरला सात वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. शिवाय सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. शनिवार-रविवार हाताशी आहेत. गेल्या वर्षी दोन गाड्या करून महाबळेश्वरला गेलो. पसरणी घाटात दोघांना उलट्या झाल्या, वर गाड्यांच्या रांगेत दोन तास मोडले आणि परतताना मोठी माणसं एकमेकांशी बोलेनात. आता वन्सं विचारतात, 'सांगलीत बघण्यासारखं आहे तरी काय?' काय सांगू?
भाचेकंपनीची मामी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अगं मामी, वन्संना काही सांगू नकोस, गाडीत बसव.

पण शनिवारी सकाळी नाही. पुण्याहून आलेल्या पोरांना आधी अंगणातला किल्ला लागतो. गेरू, अळीव, पोत्याचं गोणपाट, त्यावरून भांडण. दुपारपर्यंत त्यांना चिखलात राहू दे. तुला स्वयंपाकाला निवांतपणा मिळेल, हाही एक फायदाच.

शनिवारी ऊन उतरलं की मिरजेला ये. सतारमेकर गल्लीत. बिऱ्हाडाएवढी दुकानं आणि आत वाळलेले भोपळे टांगलेले, काही तर तुझ्या धाकटीपेक्षा मोठे. भाजीच्या भोपळ्यातून सूर निघतो, हे पाच वर्षांच्या पोराला सांगून पटत नाही. टकटक करून बघितल्यावर पटतं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी इथं सतारी, तानपुरे करायला घेतले, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दिवाळीत सगळीच दुकानं उघडी नसतात, तेव्हा आदल्या दिवशी कुणाकडून तरी चौकशी करून घे. आणि कारागिराला विचारल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हे पोरांना घरातूनच बजावून आण. अर्धा तास पुरे.

रविवारी खिद्रापूर. नरसोबाच्या वाडीवरूनच जायचं, पण जाताना वाडीला थांबायचं नाही. दिवाळीतल्या रविवारी तिथं मुंगी शिरायला जागा नसते आणि एकदा रांगेत उभी राहिलात की खिद्रापूर राहिलंच. सकाळी सातला निघा, कुरुंदवाडवरून थेट पुढे.

तिथलं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. पण लहान मुलांना शतकं सांगू नयेत, गोष्ट सांगावी. सती माहेरी गेली, दक्षाच्या यज्ञाला, नंदीवर बसून. माहेरात अपमान झाला, तिनं यज्ञकुंडात उडी घेतली, आणि शंकर असा कोपला की विष्णूला समजूत घालायला यावं लागलं. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं, एक कोपेश्वर, दुसरा धोपेश्वर. आणि म्हणून दारात नंदी नाही. तो गेला तो गेलाच. पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात. माझ्या नातीनं हे ऐकून विचारलं होतं, 'मग त्याला फोन करा ना.' भाऊबीजेच्या दिवसांत माहेराची ही गोष्ट वन्संसमोर सांगायची की नाही, ते तू ठरव.

पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही, गोल आभाळ दिसतं. त्याच्या बरोबर खाली गोल शिळा आहे. चौघांना तिच्याभोवती बसवून वर बघायला सांग, दहा मिनिटं कुणी हलणार नाही. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या झरोक्यात येतो तेव्हा गर्दी लोटते, तुमच्या रविवारी तेवढी नसेल. मग बाहेर जोत्याभोवती हत्ती मोजायला लाव. आमच्या नातवानं तीनदा मोजले, तिन्ही वेळा आकडा निराळा. सासूबाई तोवर सावलीत बसतील, चढायचं फारसं काही नाही.

डब्यात फराळ नको. चार दिवस चकली-चिवडा खाऊन पोरं कंटाळलेली असतात. दुधात कालवलेला भात, वर चमचाभर दही. दुपारपर्यंत आपोआप लागतो आणि आंबत नाही. सोबत दशम्या.

परतताना वाडी. सासूबाईंचं दर्शन, पोरांना बासुंदी, पुण्याला न्यायला कवठाची बर्फी. घाटावर मात्र एकेका पोराचा हात एकेका मोठ्या माणसाच्या हातात. पावसाळ्यानंतर पायऱ्यांना शेवाळ असतं. आणि आपल्या कृष्णेत मगरी आहेत, हे पुणेकरांना ठाऊक नसतं. पाय बुडवायचा हट्ट वन्संच करतील, बघ.

अंधाराच्या आत सांगलीत या. कारखाने पेटण्याचे दिवस, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि दिवा एकीलाही नाही. हे मी फार गंभीरपणे सांगते आहे.

औदुंबर आणि सागरेश्वर यंदा ठेव बाजूला. तीन वर्षांच्या पोरीला हरणं दाखवायला नेलं, तर हरणं दिसेपर्यंत ती झोपलेली असते.

आणि हो, किल्ल्यावरचे मावळे कुणालाही बरोबर घेऊ देऊ नकोस. आमचा तानाजी खिद्रापुरात एका हत्तीच्या पायाशी राहिला आणि कुरुंदवाडपर्यंत आलेली गाडी परत फिरवावी लागली.