वाद्यदुरुस्ती – वाचकांचे प्रश्न : जुन्या कॉन सॅक्सोफोनचे सैल झालेले कडे

प्रश्न : आमचे आजोबा गिरगावातील एका बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवत असत. त्यांचा चांदीचा मुलामा असलेला कॉन कंपनीचा अल्टो सॅक्सोफोन अनेक वर्षांनी माळ्यावरून खाली काढला आहे. त्याच्या नेकवर, म्हणजे वरच्या वाकड्या नळीवर, माउथपीसच्या लगत, एक खरखरीत कडे आहे; ते फिरवले की माउथपीस ज्या नळीवर बसतो ती नळी पुढे-मागे सरकते. आता मात्र ही नळी बोट लावले तरी हलते, आणि खालचे सूर धड लागत नाहीत. एका कारागिराने नळीला डाख देऊन ती कायमची पक्की करण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?
– एक वाचक, दादर

उत्तर : डाख देण्याची घाई करू नका. अमेरिकेतील एल्कहार्ट येथील कॉन कंपनीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या अल्टोंवर बसवलेली ही सोय मायक्रोट्यूनर या नावाने ओळखली जाते. इतर सॅक्सोफोनवर सूर जुळवताना माउथपीस नेकच्या टोकावरच्या कॉर्कवर मागे-पुढे ढकलावा लागतो. येथे तो जागच्या जागी राहतो आणि कड्याच्या आट्यांमुळे त्याखालची नळीच सरकते. कल्पना उत्तम आहे, परंतु पितळेवर पितळ घासले की झीज ही होणारच, त्यात मुंबईची दमट हवा आणि माळ्यावरची वर्षे यांची भर पडलेली.

तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. आटे झिजले की नळी लुटलुटते, पण त्यामुळे हवा निसटतेच असे नाही. हवा अडते ती एकात एक बसणाऱ्या दोन नळ्यांच्या चपखलपणामुळे, आणि तो गेला की तक्रार आधी खालच्या सुरांत ऐकू येते. तेव्हा पहिल्यांदा गळती खरोखर तेथेच आहे का, हे पाहावे. नेक वेगळी करा, माउथपीस काढा, बॉडीत बसणारे नेकचे रुंद तोंड तळहाताने घट्ट झाका, नेकवरच्या ऑक्टेव्हच्या (वरच्या सप्तकात जाण्यासाठी उघडणाऱ्या) छिद्रावरचे पॅड अंगठ्याने दाबून धरा, आणि कॉर्कच्या बाजूने हवा ओढून घेऊन टोकाला चटकन जीभ लावा. नेक काही क्षण जिभेला चिकटून राहिली तर नळी निर्दोष आहे आणि दोष पॅडमध्ये, नेक बॉडीत बसते त्या जोडात किंवा खाली बॉडीवर कोठेतरी आहे. लगेच सुटून आली, तर कडे अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहा. आजोबा बहुतेक एकाच जागी कडे ठेवून वाजवत असतील. झीज तेवढ्याच पट्ट्यात असते आणि दुसऱ्या जागी नळी अनेकदा ठीक धरते.

गळती तेथेच ठरली, तर कडे पूर्ण उलगडून नळी बाहेर काढावी, जुने काळे पडलेले ग्रीस रॉकेलने धुऊन कापडाने कोरडे करावे आणि सरकत्या भागावर दाट ग्रीसचा पातळ थर देऊन वाजवून पाहावे. सूर भरून आले, तर झीज किरकोळ आहे आणि वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्याच्या आधी, ग्रीस बदलले की भागेल. ते पुरेसे नसेल तर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप एकच वेढा देऊन लावता येते. ही मलमपट्टी आहे हे विसरू नये. माझ्याकडे आलेल्या एका अल्टोत अशा टेपचे चार-पाच वेढे कुस्करून आट्यांत इतके बसले होते की ते दातकोरणीने उकरण्यात एक दुपार गेली.

पक्का उपाय म्हणजे आतली नळी पोलादी मँड्रेलवर (नळीच्या आत घालायच्या दांड्यावर) केसभर फुलवून घेणे आणि मग ती बाहेरच्या नळीत बारीक पॉलिशिंग पेस्टने जुळवणे. हे काम फुंकवाद्यांची सवय असलेल्याच हाताने व्हावे. मँड्रेल लेथवर कोणीही कातून देईल, पण किती फुलवायचे आणि कोठे थांबायचे ते बोटांना कळावे लागते. पेस्टचा कण मागे राहिला तर तोच पुढे झीज करतो, म्हणून शेवटची धुलाई नीट होणे महत्त्वाचे. मुंबईच्या नागदेवी बाजारात हव्या त्या मापाची ओ-रिंग (गोल रबरी वायसर) मिळते हे खरे, पण तिच्यासाठी मूळ नळीत खाच पाडू देऊ नका. तेथली भिंत फार पातळ असते.

आता डाखेविषयी. कथील-शिशाची नेहमीची डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. तेवढ्या उष्णतेने ऑक्टेव्ह कीचे खांब, जे डाखेनेच बसवलेले असतात, ढिले होऊ शकतात, आणि वितळलेला धातू आट्यांत शिरला की कडे पुन्हा मोकळे करणे जिकिरीचे होते. नळी तडकली असेल आणि दुसरी नेक मिळत नसेल, तरच मी तिकडे वळेन.

प्रश्न : माझ्या कॉनचे कडे अजिबात फिरत नाही. पक्कड लावू का?
– एक वाचक, मालाड

उत्तर : मुळीच नाही. नेकचे पितळ पातळ असते. पक्कडीने कडे अंडाकृती होते आणि पिळाचा जोर नेकच्या वाकावर येऊन ती खाली दबते. ऑक्टेव्ह की उतरवून ठेवा, सांध्यात गंजमोचक तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. असे चार-पाच दिवस करा. मग कडे रबरी हातमोज्याने धरून दोन्ही दिशांना अगदी थोडे थोडे हलवून पाहा. कळंक निघावा म्हणून चिंच किंवा भांड्यांची पावडर मात्र लावू नका, कारण पावडरीची कचकच आट्यांत अडकून बसते.

प्रश्न : कड्याची दुरुस्ती झाली, नळी घट्ट बसते, तरीही पेटीबरोबर वाजवताना माझा सॅक्सोफोन चढाच राहतो. कडे पूर्ण बाहेर काढले तरी फरक अपुरा पडतो. दुरुस्ती चुकली का?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : बहुधा नाही. कडे बारीक फरकासाठी आहे. ते मधोमध ठेवा, माउथपीस कॉर्कवर सरकवून सूर ढोबळमानाने जुळवा आणि उरलेला फरक कड्याने काढा. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की फुंकवाद्याचा सूर सुमारे तीन सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभरातल्या तीन भागांनी, चढतो. पेटीच्या पत्त्यांचे तसे होत नाही. वातानुकूलित खोलीत जुळवलेले वाद्य मेच्या उकाड्यात मांडवात चढे वाटले, तर कड्याला दोष देता येणार नाही.

तरीही जमले नाही, तर अनुक्रमांकाखालचे अक्षर पाहा. त्या काळी दोन पट्ट्यांची वाद्ये निघत. ‘एल’ म्हणजे आजच्या, ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झला धरणाऱ्या पट्टीचे. ‘एच’ असेल तर ते सुमारे ४५७ हर्ट्झच्या चढ्या पट्टीचे आहे. त्याची भोकेच त्या मापाने पाडलेली असतात. माउथपीस बाहेर ओढला की वरचे सूर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि सप्तक आपसातच विस्कटते; यावर नेकची कोणतीही दुरुस्ती चालत नाही.